तिच्या उजव्या पायाची कमान

मी शाळेत विज्ञान शिकवतो. पंचवीस वर्षं होत आली. त्यातली जवळजवळ सगळी वर्षं मी पायाबद्दल एक गोष्ट चुकीची शिकवली. ती चूक वर्गातच राहिली असती तर हे लिहायची वेळ आली नसती. मी ती घरी आणली.

आमच्या प्रयोगशाळेत प्लॅस्टिकचा एक सांगाडा आहे. त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं तुटली आहेत, उजवा शाबूत आहे. दर वर्षी तो उजवा पाय मुलांसमोर धरून मी सांगायचो की एका पावलात सव्वीस हाडं असतात आणि ती सपाट मांडलेली नसतात. आतल्या बाजूला टाचेपासून अंगठ्याच्या मुळापर्यंत एक उंच कमान. बाहेरच्या बाजूला करंगळीकडे जाणारी दुसरी, बुटकी. आणि तिसरी आडवी, चवड्यातून या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग बादलीत पाय बुडवून मुलांना वर्तमानपत्रावर उभं करायचो. ओला ठसा उमटला की मुलं एकमेकांचे ठसे पाहून हसायची. बहुतेकांच्या ठशाला मध्ये कंबर असायची, आतल्या बाजूने कोरलेली. एखाद्याचा ठसा विटेसारखा भरीव निघायचा, त्याला दिवसभर बदक म्हणायचे.

शेवटी मी किल्ल्याचं उदाहरण द्यायचो. वसईच्या शाळेत शिकवणाऱ्याला ते सुचणारच. किल्ला आमच्या शाळेपासून सायकलने पंधरा मिनिटांवर. तिथल्या पडक्या देवळांच्या आणि चर्चच्या कमानी प्रत्येक मुलाने पाहिलेल्या, कित्येकांनी त्यांखाली क्रिकेट खेळलेलं. "छप्पर गेलं, भिंती पडल्या, कमान का उभी आहे?" मी विचारायचो. मग स्वतःच उत्तर द्यायचो. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्याला दाबतो, माथ्यावरचा दगड सगळ्यांना धरून ठेवतो, वरून जितका भार येईल तितकी ती घट्ट होते. "तुमच्या पायाचंही तसंच आहे. म्हणून चाला, धावा, अनवाणी हिंडा. जितका भार, तितकी मजबूत."

हे वाक्य मला फार आवडायचं. मुलांनाही आवडायचं, कारण त्यात आपला किल्ला होता.

आमच्या घरामागे छोटी वाडी आहे. थोड्या केळी, चार नारळ, बाकी सगळा सोनचाफा. चाफ्याची एकवीस कलमं माझ्या बायकोने लावली. मी नोकरीच्या माणसाच्या ऐटीत खड्डे मोजून दिले, एवढंच. पहाटे उजाडायच्या आत ती फुलं खुडते. फांदी एका हाताने खाली ओढायची, चवड्यांवर उभं राहायचं, दुसऱ्या हाताने कळी देठापासून अलगद मोडायची. एकवीस झाडांना ती किती वेळा चवड्यांवर उभी राहात असेल हे मी कधी मोजलं नाही. मुलगी लग्न होऊन आचोळ्याला गेल्यापासून वाडीत तिच्याबरोबर दुसरं कोणी नसतं.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी फुलांची टोपली ओट्यावर ठेवून ती खाली बसली आणि उजवा पाय मांडीवर घेऊन घोट्याच्या आतल्या बाजूला अंगठ्याने दाबू लागली. (घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो. इथे मी ते शाळेच्या मराठीत लिहितोय. त्यात तिच्या बोलण्याची धार थोडी कमी होते, माझ्या बोलण्याची होत नाही.)

"हे इथे दुखतं," ती म्हणाली.

मी चहा घेत होतो. "टाच आहे ती. या वयात सगळ्यांची दुखते."

"टाच नाही हो. हे बघा ना, हाडाच्या मागे. सुजलंय."

"तेच ते. चालणं कमी झालंय तुझं."

"चालणं कमी? पहाटेपासून वाडीत काय मी पाय पसरून बसते?"

"ते काम झालं. व्यायामाचं चालणं वेगळं."

"बरं, मास्तर," ती म्हणाली.

ती मला रागात असली की मास्तर म्हणते. मी कप खाली ठेवून बघितलं असतं तर हाडामागची बोटभर सूज मला दिसली असती. मी बघितलं नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून मी तिला भुईगावच्या किनाऱ्यावर न्यायला लागलो. संध्याकाळी, शाळा सुटल्यावर. चपला सुरूच्या झाडाखाली काढून ठेवायच्या आणि ओल्या वाळूवरून अनवाणी चालायचं. अनवाणी चालल्याने पाय सुधारतो हे आमच्याकडे सगळेच सांगतात, पण मी ते कमानीच्या हिशेबाने सांगत होतो. भार द्यायचा. घट्ट होईल. पहिल्या महिन्यात ती अर्धा किनारा चालायची. मी तो पुरा केला. ती मागे राहायची. मी पुढे जाऊन थांबायचो, वळून हात करायचो, "चल, चल" म्हणायचो, ती जवळ आली की पुन्हा निघायचो. म्हणजे मला विसावा मिळायचा, तिला मिळत नसे.

मी पुढे असायचो. आज माझ्या मनात सगळ्यात जास्त हेच येतं. ओल्या वाळूत तिची पावलं रोज उमटत होती, डावं आणि उजवं शेजारी शेजारी, वर्तमानपत्रावरच्यापेक्षा कितीतरी स्पष्ट. दर वर्षी शंभर मुलांचे ठसे तपासणारा मी, दीड वर्ष तिच्या ठशांच्या पुढे चाललो.

एकदा ती म्हणाली, "डॉक्टरला दाखवू या का?"

"डॉक्टर काय सांगणार? चालायलाच सांगणार. आणि वजन कमी करायला."

आणखी एक सांगायचं आहे, ते सांगितल्याशिवाय बाकीचं खोटं ठरेल. ती लंगडते हे मला दिसत होतं. ते लोकांनी पाहिलेलं मला आवडत नसे. एका साखरपुड्यात जेवणाच्या रांगेत शेजारच्या बाईंनी विचारलं, "सर, मॅडम लंगडतायत का हो?" मी म्हणालो, "लंगडत कसल्या, आळस आहे. चालायला नको असतं." सगळे हसले. तीही हसली, ताट हातात घेऊन. त्या दिवशी जेवण होईपर्यंत ती सरळ चालत होती. सरळ चालायला तिला काय करावं लागत असेल याचा विचार मी आता करतो.

गेल्या ईस्टरच्या आधी आमच्या आळीतून तिचं नाव बारा जणांत निघालं. पवित्र गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सेत फादर बारा जणांचे पाय धुतात, प्रभूने शिष्यांचे धुतले होते म्हणून. पूर्वी बाराही पुरुष असायचे. आता बायकाही असतात, पण आमच्या आळीतून बाईचं नाव पहिल्यांदाच जात होतं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. तिच्यापेक्षा मलाच जास्त झाला.

पाय धुवून घ्यायला जाताना पाय घरूनच धुवून न्यायचे, ही आमच्याकडची रीत. फादरांच्या हाताला कुणाचा मळ लागता कामा नये. गुरुवारी दुपारी ती मागच्या दारी दगडावर बसली आणि वजरीने टाचा घासू लागली. मी देखरेखीला उभा.

"उजव्याला नीट घास," मी म्हणालो. "उजवाच धुतात."

"मग डावा कोपऱ्यात ठेवून येऊ?"

"नखांत माती आहे बघ."

"आहे. वाडीतली आहे, चोरीची नाही."

मी नखं पाहिली, टाचेच्या भेगा पाहिल्या, वजरीने लाल झालेली कातडी पाहिली. तिचा पाय माझ्यासमोर दगडावर टेकलेला होता आणि त्याची आतली कड पूर्ण दगडाला चिकटली होती. मी स्वच्छता तपासत होतो.

मिस्सेला गर्दी होती. वेदीसमोर बारा खुर्च्या अर्धगोलात मांडल्या होत्या. ती सातवी. तिच्या उजवीकडे आळीतले एक म्हातारे, जन्मभर नारळावर चढलेले, आता सत्तरीच्या पुढचे. फादर त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले तेव्हा म्हातारे वाकून म्हणाले, "फादर, डावापण घ्या. परत वर्षभर कोण धुतंय." पुढच्या बाकांवर दबकं हसू पसरलं. फादरही हसले आणि त्यांनी खरंच दोन्ही पायांवर पाणी ओतलं. ते पाणी तसराळ्याबाहेर सांडलं, लादीवरून पसरत माझ्या बायकोच्या खुर्चीखाली गेलं आणि तिचा डावा पायही त्यात भिजला. मग फादरांनी तिचा उजवा धुतला, पुसला. तिने तो खाली ठेवला, पुन्हा त्याच पाण्यात.

विधी संपला. बारा जण उठून आपापल्या बाकांकडे निघाले. मी मधल्या वाटेच्या कडेला बसलो होतो. आधी म्हातारे गेले. त्यांचे ओले ठसे माझ्या पायाशी लादीवर उमटले, दोन्हींना छान कंबर, पंचविशीतल्या माणसासारखी. त्यांच्यामागून ती आली. माझ्याकडे पाहून जराशी हसली आणि पुढे गेली, कारण तिची जागा दोन बाक मागे, बायकांमध्ये होती.

लादीवर तिचे ठसे राहिले. डावा, कंबर असलेला. उजवा, भरीव. डावा, कंबर असलेला. उजवा, भरीव. उजव्याची आतली कड नुसती भरलेली नव्हती, ती बाहेर फुगली होती. घोट्याखालचं काहीतरी आतल्या अंगाला लादीवर लोळलं होतं.

मी मान वळवून तिच्याकडे मागून पाहिलं. दीड वर्षात पहिल्यांदा ती माझ्या पुढे चालत होती. उजवी टाच बाहेर कललेली. आणि मागून पाहिलं तर डाव्या पायाची फक्त करंगळी दिसत होती, उजव्याची तीन बोटं बाहेर डोकावत होती.

दोन्ही पाय जन्मापासून सपाट असते तर मी समजू शकलो असतो. तसे पुष्कळांचे असतात आणि ते सुखाने जगतात. पण एका पायाची कमान शाबूत आणि एकाची नाही, याचा अर्थ ती होती आणि पडली. वर्गात शिकवण्याइतकं ज्ञान मला होतं, त्यामुळे एवढं कळायला मला क्षणभरही लागला नाही. उरलेल्या मिस्सेत मी उभा राहिलो, बसलो, गुडघे टेकले, पण काही ऐकलं नाही. लादीवरचे ठसे हळूहळू वाळत होते. संपायच्या आत ते कुणाला दाखवावेत असंही वाटत होतं आणि कुणाला दिसू नयेत असंही.

घरी येताच ओट्यावर मी तिला म्हणालो, "भिंतीला धर आणि एका पायावर उभी राहा."

"आता काय? प्रभूने पाय धुतले, तुम्ही परीक्षा घेणार?"

"राहा ना."

ती डाव्यावर उभी राहिली. "टाच उचल." टाच सहज उचलली गेली. चाफा खुडणारा पाय तो.

"आता उजवा."

ती उजव्यावर उभी राहिली. भिंतीवर दोन्ही तळवे टेकले. तिच्या खांद्यांना, मानेला ताण आला, पोटरी थरथरली. टाच जमिनीवरून हलली नाही.

"पुन्हा."

"येत नाही हो," ती म्हणाली. मग हळूच, "कधीची येत नाही."

"मग फुलं कशी खुडतेस?"

"डाव्यावर."

किती महिने, हे मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

दुसरा दिवस शुक्रवार, मग शनिवार, मग ईस्टरचा रविवार. पायाच्या डॉक्टरांची वेळ सोमवारचीच मिळाली. ते तीन दिवस मी मोबाईलवर वाचत बसलो. पडलेली कमान हाताने उचलून जागेवर येत असेल तर वेळ आहे. सांधे आखडून ती तशीच घट्ट झाली असेल तर हाडं एकमेकांना जोडून टाकावी लागतात. मग दुखणं थांबतं, पण तो पाय पुन्हा वाकत नाही. चवड्यावर उभं राहण्याचा प्रश्नच उरत नाही. एकवीस झाडं माझ्या डोळ्यांसमोरून जाईनात. तिचा पाय हातात घेऊन टाच फिरवून पाहावी असं मला दहा वेळा वाटलं. धीर झाला नाही.

शुक्रवारी क्रुसाच्या वाटेच्या मिरवणुकीला ती निघाली तेव्हा मी दारात आडवा उभा राहिलो.

"आज चालायचं नाही."

"दीड वर्ष चाल चाल करून डोकं खाल्लंत. आज प्रभूच्या मागे चालायचं तर नाही?"

"तुझ्या पायाला काहीतरी झालंय."

"मास्तर," ती म्हणाली, "हे मी तुम्हाला सांगितलं होतं."

ती आत गेली आणि खुर्चीत बसून राहिली. मिरवणुकीतली गाणी आळीतून पुढे सरकत गेली. आम्ही दोघं ती ऐकत होतो.

सोमवारी आम्ही विरारला गेलो. मनवेलपाड्याच्या बाजूला पायाची शस्त्रक्रिया करणाऱ्या एक डॉक्टर बसतात असं मुलीने शोधलं होतं.  

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी आधी बायकोला पाठमोरं उभं करून मागून पाय पाहिले, मग एका पायावर टाच उचलायला सांगितली. तेच झालं. मग त्यांनी तिला टेबलावर बसवलं, पाय लोंबते सोडायला सांगितले आणि स्टूल ओढून समोर बसल्या. एका हातात टाच धरली, दुसऱ्यात चवडा.

"आता पाय सैल सोडा, ताई. अजून सैल."

मी त्यांचे अंगठे पाहात होतो. त्यांनी कललेली टाच हळूहळू आत वळवायला घेतली. बायकोने ओठ दाबले. टाच अडली. मला वाटलं, संपलं. डॉक्टरांनी थांबून पुन्हा म्हटलं, "मला विरोध करू नका. सोडा." बायकोने श्वास सोडला. टाच पुढे सरकली, पोटरीच्या रेषेत आली. मग चवडा वळवला आणि तळव्याच्या आतल्या बाजूला, इतके दिवस भरलेल्या जागी, एक खळगा दिसू लागला.

"येतेय," डॉक्टर म्हणाल्या. "पूर्ण नाही, पण येतेय. सांधे अजून आखडले नाहीत."

मी टेबलाची कड धरली होती. ती सोडली.

मग त्यांनी समजावलं. घोट्याच्या आतल्या हाडामागून एक कंडरा येते, पोटरीतल्या स्नायूची दोरीच. ती खाली वळून होडीच्या आकाराच्या एका हाडाला धरते आणि प्रत्येक पावलाला कमान वर ओढून ठेवते. पाय टेकताना कमान थोडी खाली बसते, धक्का जिरवते. टाच उचलताना हीच दोरी टाच आत ओढते, तळव्याची पट्टी ताणली जाते, सगळी हाडं एकमेकांत अडकून पाय कडक होतो आणि माणूस पुढे ढकलला जातो. ती दोरी झिजून लांबली की बाकीच्या बंधांवर भार येतो. मग तेही ताणत जातात.

मी बोलून गेलो, "पण कमानीवर भार आला की ती घट्ट होते ना?"

"दगडाची असेल तर होते," त्या म्हणाल्या. "दोन्ही टोकांना भिंत असेल तर. पायाच्या दोन टोकांना भिंत कुठे आहे? ही कमान दोऱ्यांनी बांधलेली आहे, सर. दोरी झिजली की जितका भार, तितकी खाली."

बायको टेबलावरून म्हणाली, "केळीसारखं आहे. घड धरला की केळ बांधून टेकू द्यायचा. 'उभी राहा, मजबूत होशील' असं केळीला कुणी म्हणतं का?"

डॉक्टर हसल्या. बायको माझ्याकडे पाहात नव्हती. मी मान खाली घातली.

मग डॉक्टर कागद पुढे ओढून लिहू लागल्या. "कधीपासून दुखतंय? ... दीड वर्ष. आधी का नाही आलात? ... बरं. मधे काही व्यायाम, चालणं?"

मी तोंड उघडलं. त्याआधी बायको म्हणाली, "वाळूवर चालायचे मी. अनवाणी. माझं मीच."

"रोज?"

"रोज."

"दुखत असताना?"

"मला वाटलं, बरं वाटेल."

डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहिलं. ते लिहिताना मी समोरच बसलो होतो. पेन थांबेपर्यंत माझ्याकडे वेळ होता. मी गप्प राहिलो. कागदावर तिचं नाव होतं आणि खाली माझी चूक, तिची म्हणून.

सोनोग्राफीत कंडरा जाड झालेली आणि काही भागात फाटलेली दिसली, पण तुटलेली नव्हती. सहा आठवडे गुडघ्याखालचा बूट, त्यानंतर घोट्याला आधार आणि चपलेत उंचवटा, मग मोजका व्यायाम. तीन महिन्यांनी टाच उचलली जातेय का ते पाहायचं. नाही तर शस्त्रक्रिया.

सहा आठवडे पहाटे मी चाफा खुडला. पहिल्या दिवशी निम्म्या कळ्या देठाशी चिरडल्या. ती बूट घालून खुर्चीत बसून सांगायची, "ओढू नका, मोडा." आणि, "ती उमललीय, ती राहू द्या." चवड्यांवर उभं राहून माझ्या पोटऱ्या पहिल्याच आठवड्यात भरून आल्या. हे मी तिला सांगितलं नाही, पण उठताबसता मी कण्हायचो तेव्हा ती म्हणायची, "वाळूवर चाला थोडं."

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पायाचा धडा आला तेव्हा मी मुलांना सांगितलं की मागच्या वर्गांना मी हे चुकीचं शिकवलं. किल्ल्याची कमान आणि पायाची कमान एकसारखी दिसते, उभी वेगळ्या कारणाने राहते. लवचीक पट्टी वाकवून तिच्या दोन टोकांना सुतळी बांधून दाखवली, मग सुतळी कापली. पट्टी सपाट झाली. एका मुलीने विचारलं, "सर, मग तुम्हाला कधी कळलं?" मी म्हणालो, "यंदा." कसं कळलं ते सांगितलं नाही.

जुलैत आम्ही पुन्हा विरारला गेलो. आदल्या आठवड्यापासून मला झोप धड नव्हती. टाचेची काळजी होतीच, पण तो कागदही डोक्यातून जात नव्हता. डॉक्टरांनी फाईल उघडली, आणि त्या काही विचारायच्या आत मी म्हणालो, "मॅडम, त्यात एक दुरुस्ती करायची आहे. ती आपणहून चालत नव्हती. मी चालवत होतो. ती दुखतं म्हणत होती, डॉक्टरकडे जाऊ म्हणत होती. मी नेलं नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी काहीही लिहिलं नाही. "ताई, उभ्या राहा. आधी दोन्ही पायांवर."

दोन्ही टाचा वर गेल्या. उजवी थोडी मागे राहिली, पण वर जाताना ती आत वळली, डाव्यासारखी.

"आता फक्त उजवा. बोटांनी भिंतीला आधार, भार नको."

मी खुर्चीतून उतरून फरशीवर बसलो. ते कसं दिसेल, कुणाला काय वाटेल याचा विचार करत मी थांबलो नाही. माझे डोळे तिच्या टाचेच्या पातळीवर होते. पोटरी आवळली. बोटं फरशीला घट्ट झाली. टाच तिथेच होती. मग तिच्याखाली एक काळी रेघ दिसली, रेघेची फट झाली, बोटभर उंच. टाच थरथरली आणि खाली आली.

"पुन्हा," डॉक्टर म्हणाल्या.

दुसऱ्यांदा फट तेवढीच आली. तिसऱ्यांदा आली नाही.

"बास. एप्रिलमध्ये हेही नव्हतं. शस्त्रक्रिया आत्ता नको. पाहू या. पण अनवाणी पुन्हा कधीच नाही, आणि झाडांखाली त्या पायावर भार घेऊन चवड्यावर उभं राहायचं नाही."

बाहेर आल्यावर रिक्षासाठी थांबलो. मला वाटत होतं, ती काहीतरी बरं बोलेल. ती म्हणाली, "कशाला सांगितलंत?"

"खरं होतं म्हणून."

"तुमचं खरं झालं, तुमचं मन हलकं झालं. माझं काय?" तिचा आवाज खाली होता, पण रिक्षावाले पाहात होते. "मी तुम्हाला वाचवायला खोटं बोलले असं वाटलं तुम्हाला?"

मला तसंच वाटलं होतं.

"माझं मीच चालले म्हटलं तर निदान चूक माझी होती. तुम्ही चालवलंत म्हटलं तर मी काय, बैल? पन्नाशीला आलेली बाई, पाय दुखतोय आणि नवरा चल म्हणतोय म्हणून चालतेय. ते त्या पोरीसारख्या डॉक्टरणीसमोर सांगायचं होतं?"

 मी एक गोष्ट माझी म्हणून उचलून आणली होती आणि ती माझी एकट्याची नव्हतीच. चालायला सांगताना तिला विचारलं नव्हतं. कबूल करतानाही विचारलं नाही.

रिक्षा आली. बसताना तिने उजवा पाय आधी आत घेतला, हाताने आधार देऊन, आणि मला सरकायला सांगितलं. चंदनसारच्या सिग्नलला अडकलो तेव्हा ती म्हणाली, "तिसऱ्या रांगेतली कलमं वरून छाटावी लागतील. माझ्या हाताला येतील एवढी. हवा कोरडी झाली की."

"छाटतो."

"तुम्ही नाही. मी दाखवीन तिथे. आणि आधी विचारायचं."

"विचारतो," मी म्हणालो.

कलमं पावसानंतर छाटली. तिने घोट्याला आधार बांधून, उभं राहून काठीने प्रत्येक फांदी दाखवली आणि मी प्रत्येक वेळी विचारून कापली. वरच्या फांद्यांची फुलं अजून मी खुडतो. खालची ती खुडते, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून. टाच एका पायावर सलग पाच वेळा उचलली गेली पाहिजे, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. काल सकाळी ओट्यावर भिंतीला धरून ती तीनपर्यंत गेली. मी मागे, खाली बसून मोजत होतो.